चौथी दांडी

देओलिंदाबाईंनी राउटर आधीच आणून ठेवला होता,
आठ अँटेनांचा, उताणा पडलेल्या खेकड्यासारखा.
दुकानदार म्हणाला होता, ह्यात अख्खं गाव भागेल.
बाईंनी त्याला भरतकामाच्या रुमालावर बसवलेलं,
रोज सकाळी एकेक अँटेना पुसून सरळ करायच्या.

घर किती मोठं, मी विचारलं.
खोल्या मोजल्या नाहीत त्यांनी. म्हणाल्या,
"लहानपणी लपाछपीत
दिवेलागणीपर्यंत मी कुणाला सापडलेच नाही.
राज्य बेलमीरुवर होतं.
तो केव्हाच जेवायला बसला होता."

त्राझ-उज-मोंतेशचा ग्रॅनाइट, दोन हात जाड.
भिंतींना कान असतात म्हणे.
ह्या ठार बहिऱ्या.
बैठकीत चार दांड्या, जिन्याखाली दोन,
सॉसेजं धुरावत टांगतात त्या खोलीत एक, तीही लाजत,
आणि वर, कोपऱ्यातल्या खोलीत,
जिथं रविवारी रात्री लक्झेंबर्गहून नातू बोलतो,
तिथं शून्य.
नातवाचं तोंड उघडतं आणि उघडंच राहतं.

माझं काम विकण्याचं कमी, चालण्याचं जास्त.
पाणाड्या काठी धरतो तसा फोन धरून
मी सगळं घर पालथं घातलं; बाई मागोमाग,
दर दाराशी दिवा लावत, दर दाराशी मालवत.

"एक दांडगा नको," मी सांगितलं, "तीन लहान घ्या.
पहिला दुसऱ्याला सांगेल, दुसरा तिसऱ्याला."
"बाजारातल्या बायकांसारखं."
"तसंच. फक्त मधल्यामध्ये तिखटमीठ लागत नाही.
आरशामागं ठेवायचे नाहीत, चुलीजवळ नाहीत,
कपाटात तर मुळीच नाहीत."
"कपाटात बरे दिसले असते," बाई म्हणाल्या.

वरच्या सोप्याच्या टोकाला, जिथं घर संपतं,
सांत आंतोनियुच्या तसबिरीसमोर
फोनवर अचानक दुसऱ्याच कुणाचं नेटवर्क उगवलं.
चार दांड्या. ठणठणीत.
एक पाऊल डावीकडे, गायब.
एक पाऊल उजवीकडे, गायब.

दोन हात ग्रॅनाइटमधून असं येत नाही.
मी तसबीर उतरवली, बोटानं वाजवून पाहिलं.
पोकळ.
"तिथं दार होतं," बाई म्हणाल्या.
"वाटण्या झाल्या त्या वर्षी विटांनी बुजवलं.
गवंड्याला पैसे दोघांनी निम्मे निम्मे दिले,
तेवढंच एक आम्ही मिळून केलं."
मग थोड्या वेळानं,
"त्याच्याकडे किती अँटेनांचा आहे?"
ते भिंतीतून कळत नाही, मी म्हटलं.

तिसऱ्या राउटरला जागा एकच होती.
कोपऱ्यातली खोली तिथूनच गाठता येत होती.
मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही,
आणि सांगून टाकलं:
"इथं ठेवला तर पलीकडेही जाईल."
"किती?"
"त्यांचं इकडे येतंय तेवढंच."

खाली चुलीवर चेस्टनट तडकत होते.
मला बाकीचं गाव गाठायचं होतं,
पण अशा वेळी घाई करणारा माणूस
ह्या धंद्यात टिकत नाही.

"पासवर्ड नाही दिला तर त्याला काय दिसेल?"
"नुसतं नाव."
"नाव मी ठरवायचं?"
"तुम्ही."
त्यांनी चष्मा पुसला, अँटेना पुसायच्या त्याच फडक्यानं.
एकेक अक्षर सांगितलं, मी एकेक टिपलं,
शुद्धलेखन दोनदा तपासून घेतलं त्यांनी:
अजून लपलेय.

आठ अँटेनांचा तो खेकडा
दुकानदारानं परत घेतला नाही.
पुढच्या महिन्यात तपासणीला गेलो
तर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा,
दर अँटेनेवर एकेक मोजा वाळत घातलेला.
सात बाईंचे.
आठवा मोठा होता, पुरुषी, टाचेला रफू केलेला.
मी विचारलं नाही.